सहा भाज्यांचा उपास

सिंधूकाकू गेल्याची बातमी मला चार दिवस उशिरा कळली. फोन त्यांच्या घरमालकांच्या सुनेचा होता. काकूंची खोली आवरताना भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलेला माझा नंबर दिसला, म्हणून सांगून टाकावं म्हटलं, असं ती हिंदीत म्हणाली. मी काकूंची कोण लागते हे तिला कळेना. मी म्हटलं, शेजारीण. कुठली, असं तिनं विचारलं तेव्हा मी 'जुनी' एवढंच म्हटलं… कारण मी त्यांची शेजारीण होते ती जेमतेम दीड वर्ष, आणि त्यालाही आता वीस वर्षं होऊन गेली. काही त्रास झाला नाही, ती सांगत होती, सकाळी चहा घेतला, दारात बसल्या आणि बसल्याबसल्याच मान टाकली. मी 'बरं' म्हटलं. फोन ठेवला तेव्हा कुकरकडे लक्ष राहिलं नव्हतं आणि वरण लागल्याचा वास घरभर पसरला होता.

मी हल्ली नव्या रायपूरला राहते. इथले रस्ते इतके रुंद आहेत की पलीकडे उभा असलेला माणूस ओळखू येत नाही, आणि ओळखू यावा असा कुणी उभाही नसतो. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा ओंकार बंगळुरूला. सातव्या मजल्यावरच्या माझ्या फ्लॅटची बेल वाजली तर ती बहुतेक चुकून वाजलेली असते. अशा ठिकाणी कुणी गेल्याची बातमी आली की ती कुणाला सांगायची हाही प्रश्नच असतो, म्हणून महिन्याभरानं ती तुम्हाला सांगते आहे. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना त्याचं कर्तृत्व सांगायची रीत आहे. काकूंचं कर्तृत्व एवढंच की त्यांनी माझ्या मुलाला पालेभाजी खायला शिकवलं. हसू नका. ज्यांच्या घरात चार वर्षांचं हट्टी पोर आहे, त्यांना हे काम किती मोठं ते ठाऊक असतं.

नवं राज्य झालं आणि ह्यांचं ऑफिस भोपाळहून रायपूरला आलं. ऑफिसांमागोमाग माणसांचे लोंढे येत होते, घरं मिळेनात, भाडी ऐकून डोळे पांढरे व्हायचे. शेवटी पुरानी बस्तीत, एका देवळामागच्या गल्लीत, दोन खोल्या मिळाल्या. मध्ये अंगण, अंगणात एक नळ आणि नळापलीकडे सिंधूकाकूंची एकच खोली. काकू मूळच्या गोंदियाकडच्या, लग्न होऊन इकडे आलेल्या. काका रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते, ते जाऊनही बरीच वर्षं झालेली. मूलबाळ नव्हतं. मी सामान उतरवणाऱ्या माणसावर मराठीतच खेकसत होते, ते ऐकून काकू भरती बादली नळाखाली तशीच सोडून आल्या. "मराठीच हा का तुमी? बरं झालं बाप्पा. माह्या तोंडाले कुलूप लागलं होतं." मी पुलगावची. 'माह्या' आणि 'तोंडाले' ऐकून प्रवासाचा अर्धा शीण तिथेच उतरला.

आता ओंकारबद्दल. दूधभात, बटाटा आणि बिस्किट, या तीन गोष्टींवर तो जगत होता. डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या, रक्त कमी आहे म्हणाले, आणि पालेभाज्या द्या असं सांगून मोकळे झाले. द्या म्हणे! मी पालक वाटून पराठ्याच्या कणकेत मिसळला, तर त्यानं पराठ्याला हातच लावला नाही. वरणात मेथी घातली, तर त्यानं एक हिरवा धागा बोटानं उचलला, ताटाच्या काठावर ठेवला आणि अख्खं ताट पुढे सरकवलं. धाक दाखवून झाला, लाडीगोडी झाली. एकदा तर मी त्याचं नाक दाबून चमचा आत कोंबला आणि त्यानं जे काही पोटात होतं ते सगळं माझ्या साडीवर काढलं. आणि हे कुठे, तर छत्तीसगढात, जिथे माणसं वर्षभर पानंच खातात. लाल भाजी, चेच, मुनग्याचा म्हणजे शेवग्याचा पाला, रताळ्याच्या वेलाचासुद्धा पाला. आमच्या गल्लीतली नाक पुसता न येणारी पोरं लाल भाजीनं हात रंगवून हिंडायची, आणि माझा लेक बिस्किट चहात बुडवून बसलेला. मी हात टेकले होते.

काकूंनी हे सगळं नळापलीकडून आठवडाभर पाहिलं. मग एक दिवस मला म्हणाल्या, "लेकराले भाजी खाऊ घालत नसतात वंदना, भाजीच्या कामाले लावतात." दुसऱ्या दिवसापासून त्या अंगणात सूप घेऊन बसू लागल्या आणि ओंकारला समोर बसवून घेऊ लागल्या. पानं इकडे, देठ तिकडे, किडकं बाजूला. त्याला वाटे हा खेळ आहे. भाजी धुवायला तो पाटीत हात घालून अर्धं अंगण भिजवायचा, आणि मला कधी चालला नसता असला सगळा पसारा त्या चालवून घ्यायच्या. भाजी शिजली की त्या त्याला खा म्हणून म्हणत नसत. चमच्याच्या टोकावर एवढीशी घेऊन फुंकर घालायच्या आणि सांगायच्या, "मीठ पाहून दे रे बाबू, माह्या जिभेले आता समजत नाही." भाजीत मीठ घातलेलंच नसे. तो चाखून, तोंड वाकडं करून 'कम है' म्हणायचा. त्या चिमूटभर टाकायच्या, पुन्हा चाखायला द्यायच्या. पुन्हा कमी. असं तीन-चारदा झालं की त्याच्या पोटात दोन चमचे भाजी गेलेली असे आणि शेवटी 'अब बराबर' म्हणताना त्याचा चेहरा एखाद्या साहेबासारखा व्हायचा. काकूंची जीभ चांगली तिखट होती आणि तिला सगळं समजत होतं, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. त्याला मात्र कळू दिलं नाही.

चार महिन्यांत पोराच्या गालावर रंग आला. तो काकूंच्या ताटाशी बसून चेच भाजी आणि भात कालवून खाऊ लागला. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही… पण पूर्ण खरं सांगायचं तर त्या आनंदात एक कुसळ होतं. कारण तीच भाजी मी घरी केली की तो तोंड फिरवायचा. मी काकूंच्या शेजारी बसून कृती पाहिली, तेवढाच लसूण, तेवढीच सुकी मिरची. मीठसुद्धा त्याला पाहायला लावलं. त्यानं चाखलं, 'आजी जैसा नहीं है' म्हणाला आणि उठून गेला. माझ्या मुलाला माझ्या हातचं नको, नळापलीकडचं हवं. हे वाक्य मी स्वतःशी इतक्यांदा घोळवलं की ते दातात अडकल्यासारखं झालं. ह्यांना सांगितलं तर हे हसले, म्हणाले, खातोय ना, मग कुठेही का खाईना. पुरुषांना काय जातं!

आणि मग ती खमरछठ आली. महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगायला हवं, राखीनंतरच्या सहाव्या दिवशी इकडच्या आया लेकरांसाठी हा उपास करतात. नांगरलेल्या जमिनीत पिकलेलं काही त्या दिवशी चालत नाही, म्हणून आपोआप उगवलेला पसहर नावाचा तांदूळ, म्हशीचं दूध-दही आणि सहा तऱ्हेच्या भाज्या. पाऱ्यातल्या, म्हणजे गल्लीतल्या बायका अंगणात छोटा खड्डा करून त्यात पाणी भरतात, पूजा करतात, आणि मग हळदीच्या पाण्यात भिजवलेली कापडाची घडी लेकरांच्या पाठीवर सहा वेळा थापतात. आयुष्य वाढावं म्हणून. आम्ही मराठी घरं हे काही करत नाही. मला तर तो दिवस आहे हेही ठाऊक नव्हतं. मी ओंकारला काकूंकडे सोडून गोल बाजारात डबे घ्यायला गेले होते. सरकारी क्वार्टर मंजूर होण्याच्या बेतात होतं आणि मी आधीच संसार मांडायला निघाले होते.

परत आले तर अंगणात पूजा नुकतीच संपलेली. पाऱ्यातल्या बायका आपापली पोरं घेऊन परतत होत्या. काकू सकाळपासून उपाशी, डोक्यावरून पदर घेतलेल्या, आणि त्यांच्यासमोर माझा मुलगा. पळसाच्या पानावर सहा भाज्यांचे सहा ढीग. उपासाचं अन्न पूजेआधी चाखत नाहीत, म्हणून त्या दिवशी काकूंनी अंदाजानं मीठ टाकलेलं. ओंकार एकेक भाजी तोंडात घालून त्यांना निकाल देत होता, ये ठीक है, ये भी ठीक है. सहा भाज्या! ज्याच्यासाठी मी देवाला नवस बोलले होते ते माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. पण मला ते दिसलंच नाही. मला दिसली त्याच्या नव्या सदऱ्याची पाठ आणि तिच्यावरचे हळदीचे पिवळे डाग. या बाईनं माझ्या मुलासाठी उपास केला होता. माझ्या, तिच्या नव्हे. दोन बायका अजून दारातच होत्या, एक माझ्याकडे पाहून हसली, आणि मला वाटलं ती मलाच हसते आहे.

मी म्हटलं, "काकू, हा उपास आपल्या पोटच्या लेकरासाठी करतात."

त्यांनी मान वर केली नाही. पानावरची एक भाजी बोटानं उगाच नीट केली आणि "हव बाई," एवढंच म्हणाल्या. हव म्हणजे इकडच्या बोलीत हो. मग त्यांनी ओंकारचे हात धुतले, त्याचा सदरा काढून नळाखाली घासला, पिळून माझ्या हातात दिला आणि खोलीत गेल्या. त्या दिवशी त्या जेवल्या की नाही, मला माहीत नाही. मी बघायला गेले नाही. ओंकारला घट्ट धरून आमच्या खोलीत बसून राहिले आणि तो मला विचारत राहिला की आजी रागावली का.

पुढच्या महिन्यात क्वार्टर मिळालं, शहराच्या दुसऱ्या टोकाला. निघताना मी काकूंच्या पाया पडले. त्यांनी नेहमीसारखा डोक्यावर हात ठेवला. त्या जर भांडल्या असत्या, मला चार शब्द ऐकवले असते, तर मी बरी राहिले असते. ओंकारची शाळा मात्र तीच ठेवली, पुरानी बस्तीतलीच, कारण चांगली होती. बिसाहू भैया सायकलरिक्षात मुलं ने-आण करायचे. त्यांच्या दोन फेऱ्या होत, आधी जवळची मुलं, मग आमच्याकडची. मधला तासभर मुलं शाळेच्या ओसरीत बसतात, असं त्यांनी मला सांगितलं होतं. मी ओंकारला बजावलं की कुठे जायचं नाही.

आणि इथून माझ्या विजयाचा काळ सुरू झाला. नव्या घरात मी ठरवलं की आता कुणी मधे नाही, आता मीच. रोज संध्याकाळी पालेभाजी करायची आणि कितीही रडला तरी दोन घास. पण तो रडलाच नाही. पहिल्या आठवड्यापासून मुकाट्यानं दोन घास खायचा, वर 'अच्छी है मम्मी' म्हणायचा. मला वाटलं, हेच तर मी म्हणत होते, आई खंबीर राहिली की मूल खातं. मी महिला मंडळाच्या हळदीकुंकवात त्यावर बोलले. इतकंच नाही, तुम्ही हे वाचता आहात तशाच एका रविवारच्या पुरवणीत मी लेखही लिहिला होता, चोखंदळ मुलांना पालेभाजीची गोडी कशी लावावी. शिस्त, सातत्य आणि आईच्या हातची चव, असे शब्द त्यात होते. काकूंचं नाव त्यात नव्हतं. मिठाची युक्ती मात्र होती, माझी म्हणून.

असं नाही की मला टोचणी नव्हती. एकेक वाक्य माणसाच्या अंगात राहतं. ह्यांनी कितीदा सांगितलं, एकदा जाऊन ये, माफी माग, संपव. एका खमरछठला मी पसहर तांदळाचा पुडा घेऊन त्या गल्लीच्या तोंडाशी गेलेही होते. आत गेले नाही. म्हटलं, हे दिलं तर जखमेवर मीठ होईल. खरं कारण भीती होती. डोळ्यांसमोर यायचं ते एवढंच, की त्या खोलीत एक बाई एकटी ताट घेऊन बसली आहे आणि ते माझ्यामुळे. मग ओंकार पाचवीनंतर दुसऱ्या शाळेत गेला, कॉलेजला पुण्याला, नोकरीला बंगळुरूला. पुरानी बस्तीकडे जायचं काही कारणच उरलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मात्र काकू गोल बाजारात समोरच आल्या. हातात काठी, पिशवीतून लाल भाजीचे शेंडे बाहेर आलेले. मी ओळखलं आणि वाटलं, आता बोलावं… पण तोंडातून भलतंच आलं. त्यांनी विचारलं, "पोट्टा जेवते का नीट?" मी म्हटलं, आता सगळं खातो, पालेभाजीसुद्धा, लहानपणापासून माझ्या हातची सवय लागली ना. कशासाठी बोलले असेन मी ते? ऐंशीच्या घरातल्या बाईपुढे जिंकायचं होतं मला अजून. काकू माझ्याकडे पाहून मनापासून हसल्या. "हव, तुह्या हातालेच चव हाय," म्हणाल्या. मी त्यांना फोन नंबर सांगितला, कधी काही लागलं तर म्हणून. त्यांनी तो मला दोनदा म्हणायला लावून पाठ केला. कधी काही लागलं नाही.

बातमी आली त्याच दिवशी दुपारी मी पुरानी बस्तीत गेले. गल्ली तीच, अंगणाला फरशी बसली आहे, नळ भिंतीच्या आत गेला आहे. सुनेनं खोली उघडून दाखवली. रिकामी होती, सामान कुणा पुतण्यानं नेलं होतं. भिंतीवर माझा नंबर तेवढा होता, मोठ्या, थरथरत्या आकड्यांत. मी तिथे उभी राहिले आणि ज्याच्यासाठी गेले होते ते वाक्य म्हणायचा प्रयत्न केला. रिकाम्या खोलीत माफी मागता येत नाही, आपलाच आवाज आपल्याला खोटा वाटतो.

घरी आल्यावर ओंकारला फोन केला. आमचं बोलणं असं असतं, मी मराठीत, तो हिंदीत. काकू गेल्याचं सांगितलं. मग मी त्याला खमरछठचं सगळं सांगितलं, त्या वाक्यासकट. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, माझ्यामुळे तुझी आजी तुटली रे, माझ्यामुळे ती बाई एकटी जेवत राहिली.

"अकेली कहाँ, मम्मी," तो म्हणाला. "मैं तो रोज़ वहीं खाता था."

बिसाहू भैयांची दुसरी फेरी यायच्या आधीचा तास. शाळा सुटली की तो ओसरीत बसत नव्हता, गल्लीतून काकूंकडे जायचा. भाजी निवडून ठेवलेली असायची, शिजलेली असायची, मीठ पाहायचं तेवढं बाकी. पाचवीपर्यंत. बिसाहू भैयांना ठाऊक होतं, पाऱ्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंत? तो म्हणाला, आजी बोलती थी, तुम्हारी माँ को दुख होगा. आणि निघताना ती रोज एकच गोष्ट सांगायची, ती त्यानं मला तिच्याच शब्दांत सांगितली, अडखळत, त्याच्या तोंडून वर्षानुवर्षांत न ऐकलेल्या मराठीत. "घरी गेल्यावर आईजवळ दोन घास खाजो. तिनं मेहनतीनं करेल असते."

पोट भरलेलं असायचं, तो म्हणाला, फिर भी खाता था. दो कौर.

मला रडू आलं नाही. पुढचे काही दिवस मी फक्त हिशेब लावत बसले, की मग त्या सगळ्या वर्षांत एकटं कोण होतं. वीस वर्षं मी एका बाईच्या एकट्या ताटाचं ओझं वाहिलं, आणि त्या ताटावर तर दोघं होती. भाजी दोघांची, गुपित दोघांचं, आणि मी वाईट वाटून घेऊ नये ही काळजीसुद्धा दोघांची. मला माफ करायचं त्यांनी कधीच करून टाकलं होतं. फक्त गुपित फुटेल म्हणून त्यांना मला बोलावता येत नव्हतं.

हल्ली मी बरोबर शाळा सुटायच्या वेळेला जेवायला बसते. समोर खिडकी, खाली रिकामा रस्ता, ताटात काहीतरी हिरवं. त्या तासात पुरानी बस्तीत काय चाललं असेल ते मला आता दिसतं, चमचा, फुंकर, 'कम है'. आणि त्याच तासात मी कुठे होते, तेही आठवतं. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, क्वार्टरच्या ओट्याशी उभी राहून, संध्याकाळसाठी पालक चिरत असायचे. बारीक, अगदी बारीक, त्याला दिसू नये म्हणून.